पाण्याखालच्या मेटल डिटेक्टरची कॉइल-केबल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिटेक्टर घेऊन पाण्यात उतरणारे लोक कॉइलचा (दांड्याच्या खालच्या टोकाच्या, धातू हुडकणाऱ्या चकतीचा) आकार, फ्रिक्वेन्सी, खोली यांवर तासन्‌तास बोलतात. कॉइलला यंत्राच्या बॉक्सशी जोडणारी केबल मात्र बिघडेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि मग मला येणारे बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलचेच असतात. तेच इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अवघडाकडे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यापाशीच येतात: केबलचं दुखणं सहसा दोन टोकांना सुरू होतं. कॉइलजवळची पहिली वीत आणि कनेक्टरजवळची शेवटची चार बोटं. मधला भाग क्वचितच त्रास देतो.

१. ही साधी वायरच ना? तिची एवढी काळजी कशाला?

वरून साधीच दिसते. आत मात्र दोन अगदी वेगळी कामं शेजारीशेजारी चाललेली असतात. व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीवर सतत चालणाऱ्या) पद्धतीच्या डिटेक्टरमध्ये तारांची एक जोडी कॉइलला वीज पुरवते, दुसरी जोडी परत आलेला अतिशय क्षीण संकेत वर आणते. त्या दोघींची सरमिसळ होऊ नये आणि बाहेरचा गोंगाट आत शिरू नये म्हणून भोवती तांब्याच्या जाळीचं किंवा धातूच्या पातळ पापुद्र्याचं कवच असतं. पल्स इंडक्शन (विजेचे तुटक झटके पाठवून मधे ऐकणाऱ्या) यंत्रात बहुधा एकच वेटोळं पाठवतं आणि तेच ऐकतं, म्हणून तारा कमी. काही कॉइलमध्ये छोटा ॲम्प्लिफायर किंवा कॉइलची ओळख पटवणारी चिप असते, तिच्यासाठी आणखी तारा लागतात. शिवाय केबलला तिच्या लांबीनुसार स्वतःची विद्युत-धारकता (थोडी वीज साठवून धरण्याची क्षमता) असते आणि यंत्राची जुळणी ती हिशेबात धरूनच केलेली असते. म्हणून केबल बदलली, कापली, भिजली की डिटेक्टरचं ऐकणंच बदलतं.

२. दांड्याभोवती न गुंडाळता मोकळी सोडली तर काय बिघडतं?

सगळ्यात आधी खोटे आवाज सुरू होतात. केबलमध्ये तांबं आहे. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ते एका जागी स्थिर असेल तर यंत्र त्याकडे दुर्लक्ष करतं, पण ते हललं की धातू सापडल्यासारखं बोलायला लागतं. जमिनीवर ही हालचाल थोडी असते, पाण्यात सैल वेढा प्रत्येक लाटेबरोबर झुलतो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एक अख्खी सकाळ वाळू उपसण्यात घालवली. दर झोक्याच्या शेवटी एकच तुटक आवाज, आणि खणलं की काही नाही. बाहेर येऊन पाहिलं तर कॉइलच्या कानांमागे (दांडा जिथे तिला जोडतो तिथे) जेमतेम बोटभर जास्तीची ढील होती. झोका संपला की ती एका अंगाला पडायची. वेल्क्रोची एक पट्टी आवळली आणि आवाज थांबला.

मोकळ्या केबलचे बाकीचे त्रास उघड आहेत. प्रवाहात ती पाणी अडवते आणि मनगट लवकर दुखतं, शेवाळात, खडकात, नांगराच्या दोरात ती अडकते, आणि अडकल्यावर बसणारा हिसका थेट कनेक्टरवर जातो.

३. मग गुंडाळण्याची योग्य पद्धत कोणती? किती वेढे घालायचे?

वेढ्यांचा आकडा महत्त्वाचा नाही, तो केबलच्या आणि दांड्याच्या लांबीवर ठरतो. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी दांडा तुम्हाला पाण्यात लागतो तेवढ्या लांबीवर पक्का करा. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्याला लांब दांडा लागतो, तळाशी आडवं पोहणाऱ्याला आखूड. गुंडाळून झाल्यावर दांडा लांबवला तर ताण येतो, आखूड केला तर ढील पडते.

केबलचं बॉक्सकडचं टोक मोकळं ठेवून कॉइलकडून सुरुवात करा. कनेक्टर आधी जोडला आणि मग वेढे घातले, तर प्रत्येक वेढ्यागणिक केबलमध्ये एक पीळ साठत जातो. टोक मोकळं असेल तर तो पीळ आपोआप निघून जातो. केबल बॉक्समध्ये कायमची बसवलेली असेल तर ही सोय नाही. अशा वेळी दांडा सोडवून घ्या, केबल न फिरवता दांडाच तिच्यात फिरवा.

कॉइल पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे वाकवून पाहा. दोन्ही टोकांना केबल ताणली जाणार नाही एवढीच ढील सांध्याशी ठेवा, त्याहून जास्त नको. ही ढील दांड्याच्या वरच्या अंगाने न्या, म्हणजे ती तळाला घासत नाही. तिच्या लगेच मागे पहिली पट्टी घट्ट बांधा. माझ्या मते अख्ख्या केबलवरची सर्वांत मोलाची पट्टी हीच. पुढचे वेढे ऐसपैस असू द्या, साधारण वीतभर अंतराने, दांड्याला चिकटून पण न ताणता. मधे एक-दोन पट्ट्या.

वरच्या टोकाला कनेक्टरमधून केबल चार-पाच बोटं सरळ बाहेर येऊ द्या आणि मगच वळवा. सतत हलणाऱ्या केबलला तिच्या जाडीच्या दहापट त्रिज्येहून लहान वळण देऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. ७ मिलिमीटर जाडीच्या केबलला म्हणजे ७ सेंटिमीटर. स्थिर बांधलेल्या भागाला याहून थोडं लहान वळण चालतं. उरलेली लांबी असलीच तर ती बॉक्सकडच्या टोकाला सैल वळणात बांधा, कॉइलजवळ कधीच नाही.

४. दांड्याभोवती वेढे घातले की त्यांचीच दुसरी कॉइल तयार होते आणि खोली कमी मिळते, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. जाणारा आणि येणारा प्रवाह एकाच केबलमधून विरुद्ध दिशांनी वाहतो, त्यामुळे त्यांची बाहेरची क्षेत्रं एकमेकांना जवळपास खोडून टाकतात. वेढे उजवीकडून घाला की डावीकडून, पाच घाला की आठ, खोलीत फरक पडत नाही.

५. बांधायला काय वापरू? वेल्क्रो, प्लास्टिकचे झिप टाय की चिकटपट्टी?

वेल्क्रो. वाळू अडकून तिची पकड सुटते, म्हणून धुताना जुन्या दातांच्या ब्रशने घासा आणि दोन पट्ट्या नेहमी जवळ ठेवा. दांड्याच्या मापाच्या प्लास्टिक क्लिपाही चांगल्या.

झिप टाय वापरायचाच तर केबल त्याखालून बोटाने सरकवता येईल इतपत सैल. घट्ट आवळलेला टाय आवरणात रुततो, आतल्या तारा एकाच जागी वाकत राहतात आणि वर्षभराने तिथेच तुटतात. कापलेलं टोक हातमोज्यालाही ओरखडे काढतं. इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी पाण्यात सैल होते आणि मागे चिकट थर सोडते. आणि धातूची क्लिप, तार, स्प्रिंग असलं काहीही कॉइलच्या आसपास नको, कारण यंत्र आधी तीच शोधेल.

६. माझ्या यंत्रात केबल दांड्याच्या आतून जाते. मग हे सगळं मला लागू नाही ना?

अडकण्याचा आणि झुलण्याचा प्रश्न बराच सुटतो, हे खरं. पण दांडा जोडताना-सोडताना तो गोल गोल फिरवायची सवय लागते आणि दर वेळी आत पीळ भरतो. सरकवा, फिरवू नका. दुसरं म्हणजे दांड्याच्या आत वाळू साचते आणि केबलला सँडपेपरसारखी घासते. खाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक फेरीनंतर दांडा उभा धरून आतून गोडं पाणी सोडा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत.

७. कॉइल वॉटरप्रूफ आहे असं खोक्यावर लिहिलंय. मग डिटेक्टर पूर्ण बुडवू शकतो?

ही गल्लत फार लोकांना महागात पडते. जमिनीवरच्या कित्येक डिटेक्टरची कॉइल आणि केबल पाण्यात चालते, पण फक्त कनेक्टरपर्यंत. कनेक्टर आणि बॉक्स कोरडे राहायलाच हवेत. ‘कॉइल वॉटरप्रूफ’ आणि ‘यंत्र अमुक मीटरपर्यंत वॉटरप्रूफ’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

पूर्ण बुडणाऱ्या यंत्रांतही मोठा फरक आहे. गॅरेट एटी प्रो आणि मायनलॅब इक्विनॉक्स ८०० यांची मर्यादा ३ मीटर, इक्विनॉक्स ९०० आणि नोक्ता लेजंड यांची ५ मीटर. मायनलॅब एक्सकॅलिबर २ किंवा गॅरेट सी हंटर मार्क २ ही पाणबुड्यांची यंत्रं २०० फुटांपर्यंत जातात. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. कनेक्टरमधली एखादी वाळूची कणी उथळ पाण्यात निभावते, खोलीत निभावत नाही.

८. कनेक्टर किती घट्ट करायचा? दर वेळी पाणी आत जातं की काय अशी धास्ती वाटते.

हाताने, बोटांच्या ताकदीने, अटकाव लागेपर्यंत. पक्कड कधीच नाही. पाणी अडवण्याचं काम आवळण्याने होत नाही, ते आतली ओ-रिंग (रबराची गोल कडी) करते. जास्त आवळलं की ओ-रिंग चेपते, प्लास्टिकचे आटे झिजतात, आणि पुढच्या वेळी आणखी आवळावंसं वाटतं.

जोडण्याआधी उजेडात पाहा. ओ-रिंगवर केस, वाळूचा कण, सुकलेल्या मिठाचा पांढरा ठिपका आहे का? ती चपटी, चिरलेली किंवा पिळलेली दिसते का? ओ-रिंग काढायची वेळ आली तर टोकदार धातू वापरू नका. खाचेवर सुईभर ओरखडा पडला तरी पाण्याला वाट मिळते. बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबून फुगवटा आणा किंवा प्लास्टिकची बोथट काडी वापरा. मग पिनांची खाच जुळवा, सरळ आत ढकला, आणि बसल्यावरच बाहेरचं कडं फिरवा. कडं फिरवून फिरवून कनेक्टर आत ओढायचा प्रयत्न केल्याने पिना वाकतात. वाकलेली पिन घेऊन आलेली जितकी यंत्रं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचं कारण हेच होतं.

९. ओ-रिंगला व्हॅसलीन लावलं तर चालेल का? घरात तेच आहे.

नको. ओ-रिंग कोणत्या रबराची आहे हे तुम्हाला बहुधा माहीत नसतं. नायट्राइल रबर पेट्रोलियम सहन करतं, पण ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. शुद्ध सिलिकॉन ग्रीस या सगळ्यांना चालतं. अपवाद फक्त सिलिकॉन रबराच्या ओ-रिंगचा: तिला सिलिकॉन ग्रीस फुगवू शकतं, तेव्हा यंत्राच्या माहितीपत्रकात पाहा.

लावायचं अगदी थोडं, रिंग ओलसर चमकेल इतकंच. ग्रीस रिंगला लवचीक ठेवतं आणि नीट बसू देतं, पण ते स्वतः पाणी अडवत नाही. थापून लावलं तर त्यात वाळू चिकटते. पिनांवर ग्रीस लागू देऊ नका.

१०. समुद्रातून आल्यावर केबल कशी धुवायची? नळाखाली धरली की झालं?

घाईत असाल तर तेवढं तरी कराच. पण नळाची धार वेढ्यांखालचं आणि पट्ट्यांखालचं मीठ काढत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकतं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते ओ-रिंगच्या कडेला, वेल्क्रोत, केबलच्या बुडाशी घासत राहतात.

यंत्र बुडवण्याजोगं असेल तर कनेक्टर जोडलेला ठेवून अर्धा तास कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मधूनमधून हलवा. कनेक्टरचं बाहेरचं कडं पाण्यात असताना सैल करू नका. नंतर पट्ट्या सोडा, केबल ओल्या मऊ फडक्यात धरून कॉइलपासून बॉक्सपर्यंत हात फिरवा. यात तपासणीही होते: चीर, फुगवटा, चपटा भाग बोटांना डोळ्यांआधी कळतो. वेगाच्या पाण्याचा फवारा नको, त्याचा दाब ओ-रिंगच्या फटीत एकवटतो. सावलीत वाळवा.

पोहण्याच्या तलावातून आल्यावरही धुवा. क्लोरीनमुळे प्लास्टिक आणि रबर हळूहळू ताठ होतं.

११. प्रत्येक वेळी कनेक्टर उघडून वाळवावा का?

नाही, उलट कमीत कमी वेळा उघडा. दर वेळी उघडलं की वाळू शिरायला संधी मिळते. पाणी शिरल्याचा संशय असेल, कॉइल बदलायची असेल किंवा यंत्र महिन्यांसाठी ठेवून द्यायचं असेल, तेव्हाच उघडा. बाहेरून पूर्ण कोरडं झाल्यावर, कनेक्टर खाली तोंड करून धरा आणि मग सोडा, म्हणजे कड्यातला एखादा थेंब पिनांवर न जाता खाली पडतो.

पिना हिरवट दिसल्या तर पाणी आधीच येऊन गेलंय. नव्वद टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या, ओ-रिंग बदला.

१२. उन्हात तापलेल्या गाडीतून डिटेक्टर काढून थेट पाण्यात घातला तर पाणी आत खेचलं जातं म्हणतात. त्यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण अट आहे. बॉक्स थंड असताना बंद केला आणि नंतर तापला, तर पुन्हा थंड झाल्यावर आतला दाब मूळ जागी येतो. धोका तापलेला असताना बॅटरीचं झाकण किंवा कॉइलचा कनेक्टर उघडून पुन्हा बंद करण्यात आहे. समजा आतली हवा ६० अंश सेल्सिअसला कोंडली आणि पाण्यात ती २५ अंशांवर आली. दाब सुमारे १० टक्क्यांनी घसरतो. पाण्याच्या भाषेत हा फरक एक मीटर खोलीएवढा आहे. ३ मीटरच्या यंत्राची एक तृतीयांश ऐपत तुम्ही काठावरच खर्च केलीत.

म्हणून जोडणी सावलीत, यंत्र थंड झाल्यावर करा. तापलेलं आवरण मऊ असतं, त्या वेळी दिलेलं वळण थंड झाल्यावर तसंच राहतं, हेही लक्षात ठेवा.

१३. खोटे आवाज येतात. केबलचा दोष आहे की पाण्याचा, हे कसं ओळखू?

पाण्याबाहेर या. दांडा कशाला तरी टेकवून कॉइल हवेत धरा, जवळपास धातू नको, विजेच्या तारा नकोत, हातात अंगठी नको. यंत्र चालू ठेवा आणि काहीही हलवू नका. शांत असेल तर कॉइलपासून सुरुवात करून केबलचा वीत-वीत भाग हलकेच वाकवत वर चला. पट्ट्या बांधलेल्याच असू द्या, नाहीतर कॉइलजवळची केबल हलल्यानेच आवाज येईल आणि तुम्ही नको तो निष्कर्ष काढाल. (ही चूक फार होते. प्रश्न २ पाहा.) कॉइलपासून दूरचा एखादा भाग वाकवल्यावर कडकड झाली तर तिथली तार तुटत आली आहे. कनेक्टर किंचित डोलवल्यावर झाली तर दोष तिथे.

बाहेर सगळं शांत, पण कॉइल लाटेच्या फेसातून आत-बाहेर होते त्याच क्षणी आवाज येतो? मग केबलला दोष देऊ नका. खारं पाणी वीज वाहतं आणि व्हीएलएफ यंत्राला ते दिसतं, विशेषतः एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्याला. संवेदनक्षमता कमी करा, समुद्राचा मोड असेल तर लावा.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. सुरुवातीला यंत्र ठीक चालतं, पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली की बडबडायला लागतं, घरी नेऊन दोन दिवस ठेवलं की पुन्हा शहाणं होतं. याचा अर्थ पाणी कुठूनतरी झिरपतंय आणि सुकतंय. सुकलं म्हणजे बरं झालं असं नाही, क्षार आतच राहिले आहेत. आवरणाची बारीक चीर (प्रश्न १५), कनेक्टरची ओ-रिंग (प्रश्न ८) आणि कॉइलमध्ये केबल शिरते ती जागा, याच क्रमाने तपासा.

१४. मल्टिमीटरने केबल तपासता येते का?

काही प्रमाणात. कनेक्टर काढून पिनांमध्ये रोध मोजा आणि तेव्हाच केबल वाकवा. आकडा उड्या मारत असेल तर तार तुटकी आहे. पल्स इंडक्शनच्या एकेरी कॉइलचा रोध बहुधा काही ओहमच असतो. कवच आणि एक तार आतून जोडलेली असू शकते, तेव्हा त्या दोघांत बजर वाजला म्हणून शॉर्ट झालाय असं धरू नका. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे यंत्र नवं असतानाच सगळ्या पिनांचे आकडे लिहून ठेवणं. दोन वर्षांनी तोच कागद उत्तर देतो.

मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या इन्सुलेशन-परीक्षकाने, तपासू नका. कॉइलमध्ये चिप किंवा ॲम्प्लिफायर असेल तर ते जळेल. आणि लक्षात घ्या की ओलावा व धारकतेतला बदल साध्या मल्टिमीटरला बहुधा दिसतच नाही.

१५. आवरणावर चीर पडली आहे, तांबं दिसत नाही. पाण्यात नेऊ का?

दुरुस्त केल्याशिवाय नको. चीर एकदा पडली की प्रत्येक वळणाला ती उघडते-मिटते आणि पाणी शोषत राहते.

गोड्या पाण्याने धुऊन एक-दोन दिवस कोरड्या हवेत ठेवा. त्या भागाला अल्कोहोलने पुसा, बारीक सँडपेपर हलकेच फिरवा. मग स्वतःशीच एकजीव होणारी सिलिकॉन टेप घ्या. तिला गोंद नसतो, ताणून गुंडाळली की थर एकमेकांत मिसळतात. जवळपास दुप्पट ताणा, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवा, चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर पुढे न्या, दोन थर द्या. एक दिवस तसंच राहू द्या. ओरखड्यांपासून बचाव म्हणून वर इलेक्ट्रिकची टेप चालेल.

आत गोंदाचा थर असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी याहून मजबूत असते, पण तिला कनेक्टरवरून किंवा कॉइलवरून ओवता येत नाही. तेवढ्यासाठी केबल कापू नका.

बाथरूममधलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट मात्र कधीच वापरू नका. वाळताना ते ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि त्याने तांबं गंजतं.

ही दुरुस्ती उथळ पाण्यासाठी आहे. खोल बुडी मारणाऱ्याने केबल किंवा कॉइल बदलून घ्यावी.

१६. चिरेतून पाणी गेलंच असेल तर ते तिथल्या तिथे राहतं ना?

राहत नाही, आणि हेच लोकांना पटत नाही. तारेचे बारीक पदर आणि कवचाची जाळी दिव्याच्या वातीसारखी काम करतात. केशाकर्षणाने पाणी चिरेपासून हातभर दूर जातं, आणि खोलीत गेल्यावर बाहेरचा दाब त्याला आणखी पुढे ढकलतो. आवरण उघडल्यावर तांबं लखलखीत न दिसता काळं पडलेलं दिसलं, तर ते किती लांबवर काळं आहे ते पाहा. अशा तारेला डाखही धरत नाही. काळेपणा संपेपर्यंत कापावं लागतं, आणि तेवढं कापणं परवडत नाही (प्रश्न १७).

१७. केबल फारच लांब आहे. कापून आखूड केली किंवा उलट जोड देऊन वाढवली तर?

दोन्ही नको. प्रश्न १ मध्ये सांगितलेली धारकता लांबीबरोबर बदलते. पल्स इंडक्शन यंत्र कॉइलमधला झटका मायक्रोसेकंदांत विझवून लगेच ऐकायला लागतं. केबल वाढवली की तो विझायला वेळ लागतो आणि बारीक सोनं आधी हातचं जातं. व्हीएलएफमध्ये जुळणी सरकते. शिवाय प्रत्येक जोड ही पाण्याला नवी वाट आणि हमीचा शेवट. उरलेली लांबी प्रश्न ३ प्रमाणे वर बांधा.

१८. बॉक्स कमरेला लावून बुडी मारतो, त्यामुळे केबल अंगावरून जाते. अडकण्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे, आणि इथे यंत्राआधी जिवाचा विचार करा. ज्या हातात दांडा त्याच बाजूने केबल न्या. हवेच्या नळ्या आणि वजनाच्या पट्ट्याचं बकल यांवरून ती जाता कामा नये. डिटेक्टर अंगावर सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे सर्वांत आधी उतरवता येतो. हात पूर्ण लांबवला तर केबल ताणू नये आणि जवळ आणला तर गुडघ्यापर्यंत लोंबू नये एवढीच ढील ठेवा. जास्तीची वेल्क्रोने पट्ट्याला बांधा, ओढल्यावर सुटेल अशी.

यंत्र हरवू नये म्हणून काही जण ते मनगटाला न तुटणाऱ्या दोरीने बांधतात. कृपा करून असं करू नका. झटक्यात सुटणारं बकल हवं, आणि ते डोळे मिटून, एका हाताने, उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा सोडून पाहिलेलं हवं. कापण्याचं हत्यार दोन्ही हातांना पोचेल असं ठेवा, जोडीदाराला केबल कुठून जाते ते उतरण्याआधी दाखवा. वेळ आली तर केबल कापायला क्षणभरही कचरू नका.

१९. माझी कॉइल वायरलेस आहे, म्हणजे मला केबलची चिंता नाही ना?

पाण्याबाहेर नाही. पाणी अशा कॉइलच्या रेडिओ लहरी काही सेंटिमीटरांतच गिळून टाकतं. म्हणूनच एक्सपी डीयस २ सारखं २० मीटरपर्यंत जाणारं यंत्रही पाण्याखाली वापरताना कॉइलपासून रिमोटपर्यंत अँटेनाची एक तार लावावी लागते. तिची दोन्ही टोकं ठरलेल्या जागी चिकटून बसायला हवीत, एखादं सरकलं की संपर्क तुटतो. बांधण्याचे आणि धुण्याचे वरचे सगळे नियम तिलाही लागू.

२०. केबल चिकट झाली आहे, बोटांना काळं लागतं. कशाने?

बहुतेकदा आपल्याच हातांनी. डास पळवणाऱ्या मलमातलं डीट हे रसायन विनाइलसारखी काही प्लास्टिकं विरघळवतं. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमातली तेलंही आवरणाला मानवत नाहीत. लावल्यावर हात साबणाने धुऊन मगच यंत्र धरा. चिकटलेली केबल सौम्य साबणाने धुऊन पाहा. चिकटपणा टिकला तर आवरण विरघळायला लागलंय आणि कॉइल बदलण्याची तयारी ठेवा. थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका.

२१. काही महिने वापरणार नाही. केबल वेढे घातलेलीच ठेवू का?

दांड्यावर नीट बसलेली असेल तर राहू द्या, फक्त पट्ट्या सैल करा. सुटी ठेवायची तर मोठ्या सैल वळणांत, एक वळण वरून आणि पुढचं खालून, म्हणजे पीळ साठत नाही. खिळ्यावर टांगू नका, वजनाने तिथे तिढा पडतो. कोरडी, अंधारी, उंदरांपासून दूर अशी जागा हवी.

२२. माझ्या यंत्राला कनेक्टरच नाही, केबल थेट बॉक्समध्ये जाते. हे जास्त सुरक्षित नाही का?

एका अर्थी आहे. मायनलॅब एक्सकॅलिबर २ मध्ये असंच आहे, आणि उघडायला काही नाही म्हणजे वाळू शिरायलाही काही नाही. पण प्रश्न १६ मधली वात इथे थेट बॉक्सपर्यंत पोचते. कॉइलजवळ पडलेल्या चिरेतलं पाणी केबलच्या पोटातून वर येऊन सर्किटवर उतरू शकतं, बॉक्सची सगळी सीलं शाबूत असतानाही. बॉक्समध्ये पाणी सापडलं आणि कुठलंच सील गळत नाही, असं मला कुणी कळवलं की मी आधी केबल पाहायला सांगतो, तीही कॉइलजवळची पहिली वीत.

अशा यंत्रात केबल शिरते ती जागा महिन्यातून एकदा भिंगाखाली पाहा. रबराची बाही पुढे सरकली आहे का, तिच्या कडेला केसाएवढी फट आहे का? दिसली तर स्वतः आवळू नका, वरून गोंद ओतू नका. गोंदाचा थर केबलबरोबर वाकत नाही, त्याच्या कडेलाच पुढची चीर पडते आणि दुरुस्ती करणाऱ्याला आधी तो गोंद खरवडावा लागतो. यंत्र पाण्याबाहेर ठेवा, बॅटरी काढा आणि सीलसह केबल बदलून, दाबाखाली तपासून देणाऱ्याकडेच द्या.